जुनं चित्र पिवळं नव्हतं

काम तसं छोटंच होतं. फराळाच्या डब्याच्या झाकणावरचं चित्र, अकरा इंच बाय आठ इंच, चार रंगांत ऑफसेट, वर मॅट लॅमिनेशन. गिऱ्हाईक पुण्याचं. आईने घरच्या घरी सुरू केलेला फराळाचा धंदा आता मुलाच्या हातात आलाय आणि दसऱ्याच्या आधीच परदेशी कुरियरची खोकी निघायला लागतात. मुलगा फोनवर म्हणाला, "ताई, विंटेज फील पाहिजे. सगळं कुटुंब दिवाळीला जमलंय, आजी-आजोबा, काका-काकू, पोरंटोरं. सॅन होझेमधल्या माणसाने डबा उघडायच्या आधीच त्याला रडू यायला पाहिजे."

मी म्हटलं, रडू आणायचे पैसे वेगळे पडतील. तो हसला, म्हणजे त्याला तो विनोद वाटला.

मग त्याने नमुन्याची चित्रं पाठवली. निम्मी चहात बुडवून वाळवल्यासारखी. तपकिरी आजी, तपकिरी तुळशीवृंदावन, तपकिरी फुलबाजी. फुलबाजीसुद्धा तपकिरी! उरलेली अमेरिकन नाताळची होती: शेकोटी, लाल मोजे, टेबलाभोवती हसणारं गोरं कुटुंब. दोन-तीन यंत्राकडून काढून घेतलेलीही असावीत, कारण एका आजीच्या हाताला सहा बोटं होती आणि ताटातल्या चकलीला सुरुवातही नव्हती आणि शेवटही.

तपकिरी रंगाशी माझं जुनं भांडण आहे. ते वडिलांकडून आलंय.

माझे वडील ब्लॉक-मेकर, म्हणजे चित्र छापायचे धातूचे ठसे करणारे. गिरगावातल्या एका प्रोसेस स्टुडिओत त्यांनी उमेदीची वर्षं घालवली. मासिकाचं रंगीत मुखपृष्ठ आलं की ते मूळ चित्र भल्यामोठ्या कॅमेऱ्यासमोर लावायचं, दोन बाजूंनी आर्क लॅम्प पेटवायचे आणि वेगवेगळ्या फिल्टरमधून एकेक निगेटिव्ह घ्यायची. निळ्या फिल्टरमधून पिवळ्या शाईचा ब्लॉक, हिरव्यातून लाल शाईचा, लालमधून निळ्या शाईचा. दर वेळी चित्राचे ठिपके पाडणारा काचेचा स्क्रीन थोडा फिरवायचा, नाहीतर ठिपक्यांवर ठिपके बसून जाळी दिसते. मग ते तांब्याच्या पत्र्यावर उतरवायचं आणि फेरिक क्लोराइडमध्ये पत्रा कोरून घ्यायचा. नुसत्या रेषांचं चित्र असेल तर जस्ताचा पत्रा आणि नायट्रिक ॲसिड. फेरिक क्लोराइडचा डाग साबणाने जात नाही. आमच्या घरात त्या काळातलं तपकिरी काही असेल तर ती वडिलांची नखं होती. त्यांनी केलेली चित्रं नव्हेत.

ते घरी प्रूफं आणायचे. रद्दीत जायची ती, पण आम्हा बहिणींना पाठकोऱ्या म्हणून उपयोगी पडायची. त्यात सगळ्यात मजेशीर म्हणजे टप्प्याटप्प्याची प्रूफं. आधी नुसता पिवळा छापलेला कागद: त्यावर बाई आहे की ढग, काही कळायचं नाही. पुढच्या कागदावर पिवळ्यावर लाल चढायचा आणि एकदम चेहरा उजळायचा, गाल, ओठ, शेंदरी पदर, सगळं जागच्या जागी. निळा आला की केस आणि रात्र यायची. शेवटी काळा. काही कामं तीनच रंगांत भागवायचे, काळ्याचा खर्च वाचवायला, आणि मग केस जांभळट दिसायचे. मी शाळेत जायच्या आधी रंग मिसळायला शिकले ते असं, ब्रश हातात न धरता.

सांगायचा मुद्दा असा की हे सगळे रंग भडक होते. लाजलज्जा सोडून भडक. वर्षभर पांढऱ्यावर काळं वाचणाऱ्या माणसाला दिवाळीत एकदा रंग विकत मिळायचा आणि तो पुरेपूर दिला जायचा. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला आणि ही प्रथा पडली. पण मुखपृष्ठावरचा रंग म्हटल्यावर जो डोळ्यांपुढे येतो तो त्यानंतर तीस-चाळीस वर्षांनी आलेल्या दोन गोवेकर चित्रकारांचा. दीनानाथ दलाल १९१६ चे, रघुवीर मुळगावकर १९१८ चे. दलालांनी १९४५ मध्ये 'दीपावली' सुरू केला तेव्हा महायुद्ध नुकतंच संपलं होतं, मुंबईत रेशनिंग होतं, आणि हा माणूस मुखपृष्ठावर गुलाबी, मोरपंखी, हळदी असे रंग उधळत होता.

घरोघरी तेव्हा दोन पक्ष होते. दलालवाले आणि मुळगावकरवाले. दलालांची रेषा बोलते, रंग सपाट आणि धीट लागतात, पुस्तकागणिक ते शैली बदलू शकत. मुळगावकरांकडे स्प्रेची जादू; त्यांच्या बायकांची कांती अशी की कुठे ब्रश टेकलाय असं वाटतच नाही. माझे वडील दलालवाले होते आणि कारण कलेचं अजिबात नव्हतं. मुळगावकरांच्या चित्रातला गालाचा उजेड इतका हळूहळू विरत जायचा की ब्लॉकवर तिथले बारीक ठिपके कोरताना उडून जायचे आणि मग साहेब ओरडायचे. दलालांच्या सपाट रंगात चुकायला जागा कमी. मी चोरून मुळगावकरवाली. अजूनही आहे.

तर हे अंक आज पिवळे का दिसतात? कागदामुळे. आतली पानं स्वस्त, लाकडाच्या लगद्याची. त्यातलं लिग्निन हवा आणि उजेड लागून पिवळं पडतं, मग तपकिरी, मग कोपऱ्यावरून पापडासारखं तुटतं. मुखपृष्ठाचा आर्ट पेपर त्या मानाने टिकतो. शाईचं तर उलटंच आहे. उन्हात राहिलेलं रंगीत छापील चित्र तपकिरी होत नाही, निळं पडतं, कारण लाल आणि पिवळी शाई आधी विटते. कुठल्याही जुन्या सलूनमध्ये काचेजवळ लावलेलं पोस्टर बघा: निळा नायक, निळी नायिका, निळं काश्मीर. म्हणजे ज्याला खरोखर 'जुनं झालेलं' चित्र हवंय त्याने निळं मागावं. तपकिरी ही फोटोची आठवण आहे, छापील चित्राची नाही. हे मी त्या मुलाला समजावलं. तो म्हणाला, "ताई, पण लोकांना तपकिरी म्हणजेच जुनं वाटतं ना." याच्यावर उत्तर नाही. मी फक्त म्हटलं, पहिलं स्केच बघ, मग बोलू.

रंगाचा प्रश्न माझ्यापुरता सुटलेला होता. खरी अडचण पुढे आली.

माझ्याकडे जुन्या दिवाळी अंकांचा एक गठ्ठा आहे, थोडा वडिलांचा, थोडा रद्दीवाल्याकडून जमवलेला. म्हटलं यातून एखादं जमलेलं कुटुंब उचलू, पाटावर बसलेलं, फराळ करणारं, आणि त्या धाटणीत आपलं काढू. गठ्ठा खालपासून वरपर्यंत चाळला. मुखपृष्ठावर कुटुंब नाही. बाई आहे. पणती धरलेली बाई, रांगोळी घालणारी बाई, कंदिलाखाली उभी बाई, आरशात बघणारी बाई, फुलबाजी धरलेली पण फुलबाजीकडे न बघणारी बाई. एकटी. कधी तिच्याबरोबर मूल, कधी मोर. नवरा क्वचित, सासू कधीच नाही. दिवाळीचं म्हणून आपण जे भरलेलं घर डोळ्यांपुढे आणतो ते या मुखपृष्ठांवर जवळजवळ नाहीच.

याचं कारण मी वडिलांना पूर्वी कधीतरी विचारलं होतं. त्यांचं म्हणणं, अंक दोरीला चिमट्याने लटकत असतो, गिऱ्हाईक ट्राममधून बघतं. तिथून एक चेहरा दिसतो, दहा दिसत नाहीत. आणि दुसरं, दहा चेहरे काढले तर प्रत्येक चेहरा नखाएवढा होणार, आणि छापताना रजिस्टर, म्हणजे रंगांची एकमेकांवरची जुळणी, केसभर जरी हललं तरी नखाएवढ्या चेहऱ्याला दोन तोंडं होणार. मोठ्या चेहऱ्यावर ते खपून जातं. चित्रकाराने काय काढावं हे कधीकधी मशीनवरचा माणूस ठरवतो.

कुटुंब सापडलं ते आतल्या पानांत, जाहिरातींत. वनस्पती तूप, केसांचं तेल, साबण, रेडिओ, शिलाई मशीन. तिथे नवरा कोट घालून उभा, बायको हसत ताट पुढे करतेय, मुलगा आणि मुलगी एकेक, आजी कोपऱ्यात. म्हणजे एकत्र जमलेलं आनंदी मराठी कुटुंब आधी काहीतरी विकण्यासाठीच काढलं गेलं, आणि आता मीही तेच करणार होते. हे कळल्यावर जरा हलकं वाटलं, खरं सांगायचं तर.

तेवढ्यात त्याने पाठवलेल्या नाताळच्या चित्रांकडे नीट पाहिलं. त्यात अमेरिकन चित्रकार नॉर्मन रॉकवेलचं ते प्रसिद्ध चित्र होतं, आजी भाजलेलं टर्की टेबलावर ठेवतेय आणि आजोबा मागे उभे. ते १९४३ च्या मार्चमध्ये 'सॅटरडे ईव्हनिंग पोस्ट' या मासिकात छापून आलं, राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टने भाषणात सांगितलेल्या चार स्वातंत्र्यांपैकी एकावर, आणि पुढे युद्धकर्जाचे रोखे विकायला वापरलं गेलं. जगभर 'सणाला जमलेलं घर' म्हटलं की लोक कळत-नकळत त्याचीच नक्कल करतात. मी ते कितीतरी वेळा पाहिलं होतं, पण या वेळी कामापुरतं पाहिलं. टर्की सोडलं तर टेबलावर खायला फारसं नाहीच. पांढरं टेबलक्लॉथ, पांढऱ्या बश्या, पेल्यांत नुसतं पाणी. आणि जेवायला बसलेल्यांपैकी पक्ष्याकडे कोणी फारसं बघत नाहीये, बहुतेक सगळे एकमेकांकडे. रॉकवेलने गावातली माणसं मॉडेल म्हणून घेतली, त्यांचे फोटो काढून त्यावरून रंगवलं. ती आजी म्हणजे त्याच्याच घरी स्वयंपाक करणाऱ्या बाई.

हे चित्र जमतं टेबलामुळे. टेबल असलं की सगळ्यांची डोकी एका पट्टीत येतात, बघणाऱ्याच्या डोळ्यांच्या पातळीवर. दोन ओळी चेहऱ्यांच्या, मधे पांढरा रस्ता, टोकाला यजमान. अर्धं काम फर्निचर करतं. आपल्याकडे टेबल कुठलं? माणसं जमिनीवर, भिंतीला पाठ लावून, रांगेत. उभं राहून पाहिलं तर नुसते भांग, टकलं आणि शेंड्या. बसून पाहिलं तर समोरचा एकच माणूस आणि त्याचे गुडघे. पंगत हा जेवणाचा उत्तम प्रकार आहे आणि चित्राला अत्यंत वाईट विषय.

मग आत्याला फोन केला. आत्या पंच्याऐंशीच्या घरात, गिरगावातल्या चाळीत वाढलेली, आता डोंबिवलीत माझ्यापासून दोन रस्ते पलीकडे राहते, तरी फोनच आवडतो तिला.

"आत्या, तुमच्याकडे दिवाळीच्या पहाटे फराळाला सगळे कसे बसायचे गं?"

"सगळे?" आत्या म्हणाली. "सगळे कधी बसले? आधी अण्णा, काका, आलेगेले पुरुष. त्यांच्याबरोबर मुलगे. मग आम्ही मुली. आई आणि काकू तर आंघोळी उरकून पुन्हा चुलीपुढे. त्या कधी बसल्या ते मी पाहिलेलंच नाही. उभ्याउभ्या काहीतरी तोंडात टाकत असतील."

"म्हणजे एकत्र असा फराळ नाहीच?"

"एकत्रच की. घर केवढं, दोन खोल्या. एकमेकांच्या अंगावर होतो. पण तू म्हणतेस तसं फोटोसारखं नाही."

पुढे तिने जे सांगितलं ते मी भराभर लिहून घेतलं. रेशनची साखर महिनाभर आधीपासून वाटीवाटीने बाजूला काढायची, आणि ती कुठे ठेवलीय हे फक्त आजीला माहीत. त्यामुळे लाडू मोजून, शंकरपाळ्यांत गूळ, आणि चिवडा मात्र भरपूर. करंज्या सगळ्या चाळीतल्या बायकांनी मिळून एकेका घरी करायच्या, आज आमच्याकडे, उद्या समोरच्या खोलीत. "जमणं म्हणशील तर ते," आत्या म्हणाली, "करंज्या करताना. तेव्हा खरं हसणं-खिदळणं. पुरुष त्या वेळी बाहेर."

मी हे त्या मुलाला सांगून पाहिलं. करंज्या करणाऱ्या बायकांचं चित्र काढते, पहाटेची पंगत नको. त्याने प्रामाणिकपणे विचार केला आणि सांगितलं की आईला ते आवडेल, पण गिऱ्हाईकांना 'फॅमिली' हवी, आणि आजोबा पाहिजेतच, कारण परदेशातून ऑर्डर देणारे बरेच पुरुष असतात. धंद्याचं त्याला माझ्यापेक्षा जास्त कळतं. आजोबा ठेवले.

पण आत्याच्या बोलण्यातून कॅमेरा कुठे ठेवायचा ते कळलं. ती पंगत पूर्ण कुणाला दिसते? वाढणाऱ्या बाईला. ती अर्धवट वाकलेली असते, हातात परात, नजर रांगेच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे. तिथून पाहिलं तर जवळचा नातू वरून दिसतो, त्याच्या पुढचे चेहरे हळूहळू समोर येत जातात, आणि रांगेच्या शेवटी बसलेले आजोबा जवळजवळ सरळ दिसतात. आणि मुख्य म्हणजे सगळे वर बघतात, तिच्याकडे, कारण आत्ता अनारसे तिच्या हातात आहेत. रॉकवेलला जे टेबलाने दिलं ते इथे वाढणारीच्या उंचीने मिळालं. मी तिला पूर्ण काढलंच नाही. चित्राच्या खालच्या कडेला तिचा हात, हिरव्या बांगड्या, काठाचा पदर आणि पितळेची परात. मागच्या स्वयंपाकघराच्या दारात दुसरी बाई, तिची पाठ, झारा आणि कढई.

यानंतर सामान. इथे मी फार चेंगट आहे, कबूल. चित्र पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीचं ठरवलं, आत्याच्या आठवणीतलं, म्हणजे मला विचारायला माणूस आहे. त्यामुळे स्टीलची ताटं बाद. आपल्या डोळ्यांना 'जुनं घर' म्हटलं की स्टीलचे डबे दिसतात, पण चाळीतल्या घरांत स्टील साठी-सत्तरीत शिरलं. त्याआधी पितळ, आतून कल्हई. ताटाच्या आतला रंग म्हणून चांदीसारखा पण मिणमिणता, काठ मात्र पिवळा. हे रंगवायला फार छान असतं. कोपऱ्यात डालड्याचा पिवळा डबा आणि त्यावर हिरवा माड. डालडा १९३७ पासूनचं, तेव्हा चालतं. त्या मुलाला हे झोंबलं. "ताई, आम्ही साजूक तुपातलं विकतो." बरोबर आहे. डबा काढला, त्या जागी कुंडी ठेवली. मग गंमत म्हणून कुंडी डालड्याच्या रिकाम्या डब्याची केली, माड अर्धा मातीने झाकलेला. अजून त्याच्या लक्षात आलेलं नाही.

त्याने मोती साबण मागितला होता. दिवाळी म्हणजे मोती, हे आज सगळ्यांच्या डोक्यात पक्कं आहे. पण टाटा ऑइल मिल्सचा मोती आला सत्तरच्या दशकात. आत्याच्या न्हाणीत तो असूच शकत नाही. तिथे फार तर हमाम किंवा म्हैसूर सँडल, तेही एकच वडी, सगळ्यांना पुरवून. मी न्हाणीचं दार किलकिलं ठेवलं, आत तांब्याचा बंब, पाटाभोवती रांगोळी आणि उंबऱ्याशी चिरडलेलं कारीट. हे कारीट बघून तिशीच्या आतले लोक 'हे छोटं कलिंगड कशाला' असं विचारतील. विचारू देत.

कंदील बांबूच्या कामट्यांचा, पारंपरिक घाटाचा, खळीने चिकटवलेला पातळ कागद, कडेच्या कागदी करंज्यांवर सोनेरी पट्टी. आत बल्ब नाही, पणती. त्यामुळे त्याचा उजेड हलका आणि खालून वर गडद होत जाणारा. हा एकच कोपरा मी पूर्ण मुळगावकरी केला, स्प्रेसारखा, आणि बाकीचं घर दलालांच्या सपाट रंगात. दोन्ही पक्षांना एका चौकटीत बसवल्यावर वडील काय म्हणाले असते ते मला माहीत आहे. "साहेब ओरडणार."

वेळ पहाटेची ठेवल्याने रंग आपोआप जमले. खिडकीबाहेर निळं-जांभळं, अजून उजाडायचंय. आत समईचा आणि कंदिलाचा केशरी उजेड. नुकतीच न्हालेली, तेलकट तोंडाची पोरं, नव्या कपड्यांच्या घड्या अजून मोडलेल्या नाहीत. मोठ्या मुलाच्या सदऱ्यावर मी घडीची चौकट स्पष्ट काढली. भिंतीवर ओलिओग्राफची, म्हणजे तैलचित्रासारखी छापलेली, लक्ष्मी. रवी वर्मांचा छापखाना १८९४ मध्ये निघाला तो गिरगावातच, पुढे मळवलीला गेला. त्यातून निघालेली लक्ष्मी कितीतरी घरांत भिंतीवर पोचली. चित्रातल्या चित्रात मात्र मी रंग थोडे निळसर विटवले, कारण ती तसबीर तेव्हाच जुनी असणार. सलूनचा नियम.

मग संगणकावरचं काम. इथे बहुतेक लोक एक तयार 'जुना कागद' आणून चित्रावर पसरतात, सुरकुत्या, डाग, फाटलेल्या कडांसकट. मी ते करत नाही. मी चित्र चार शाईंमध्ये वेगळं करते आणि प्रत्येकीच्या ठिपक्यांच्या ओळींना तिचा कोन देते: निळा १५ अंश, लाल ७५, पिवळा शून्य, काळा ४५. ठिपका डोळ्यांना जेमतेम जाणवेल इतका मोठा ठेवते. मग लाल थर उजवीकडे केसभर सरकवते. केसभरच, जास्त सरकवलं की नाटक वाटतं. ओठांच्या कडेला बारीक लाल धार येते, पांढऱ्या धोतराच्या एका बाजूला गुलाबी छटा. कागद पांढराच. एवढ्यात चित्र कितीतरी वर्षं मागे जातं, आणि तेही त्या दिवशी नुकतंच छापून आलेलं, शाईचा वास असलेलं, असं. ज्यांना हे करून बघायचं असेल त्यांना एक सांगते: काळ्याला हात लावू नका. सगळे थर हलवले की चित्र नुसतं अस्पष्ट होतं, जुनं होत नाही.

त्या मुलाला चित्र पाठवलं. त्याचं पहिलं वाक्य, "ताई, हे तर एकदम नवीन दिसतंय." दुसऱ्या दिवशी त्याच्या आईचा फोन आला. त्या बाईंनी आजोबांबद्दल, रंगाबद्दल काही विचारलं नाही. विचारलं ते हे की परातीतले अनारसे जरा जास्तच फुगलेत, तळताना तूप फार तापलं असणार, ते बदलता येतील का. खसखस दिसते का? मी मोठं करून पाहिलं, खरंच फुगले होते. बदलले, आणि जाळी नीट काढून खसखसही टिपली, एकेक दाणा. आजपर्यंत कुठल्याही आर्ट डायरेक्टरने मला इतकी नेमकी दुरुस्ती सांगितलेली नाही.

तपकिरीचा विषय त्यानंतर निघाला नाही. आईनेच सांगितलं असणार.

परवा छपाईला पुण्याला गेले होते. मशीनवर साठीतला माणूस, चष्मा नाकाच्या टोकावर. पहिला ताव काढला, भिंग लावून बघितला आणि मशीन थांबवलं. लाल हललाय म्हणाला. मी सांगायच्या आत त्याने प्लेट ढिली केली होती. पुन्हा ताव, पुन्हा भिंग. रंग जुळवायच्या कडेच्या खुणा एकमेकींवर बरोब्बर बसलेल्या आणि आतल्या पोरांच्या ओठांना अजून लाल धार. त्याने खुणा पाहिल्या, ओठ पाहिले, माझ्याकडे पाहिलं.

"मॅडम, खुणा जुळतायत, चित्र जुळत नाहीये. फाइलच बिघडलेली दिसतेय."

"फाइल बरोबर आहे. मुद्दाम हलवलाय."

"मुद्दाम?" तो म्हणाला. "तीस वर्षं रजिस्टर हलू नये म्हणून शिव्या खाल्ल्या मी." मग मदतनिसाला हाक मारून त्याने जॉबकार्डावर मोठ्या अक्षरांत माझ्यासमोर लिहून घेतलं, लाल हललेला आहे, पार्टीच्या सांगण्यावरून, आणि खाली माझी सही मागितली.